मार्क चांगले होते तरी आर्ट्स घेतलं, त्याची हकिकत

दहावीचा निकाल 13 मे 2025 ला दुपारी एक वाजता लागला. पप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या लेथवर होते. फोनवर टक्के सांगितले, तशी पलीकडची मशीन बंद झाली आणि पप्पा म्हणाले, "झालं तर मग. सायन्स." अभिनंदन संध्याकाळी, पेढ्यांबरोबर. टक्के किती ते इथं लिहीत नाही. सायन्सला सहज प्रवेश मिळाला असता इतके होते आणि अडचण तीच होती. कमी पडले असते तर आर्ट्सला जाताना कुणी हटकलंही नसतं.

आता अकरावी संपलीय. यंदा ज्यांच्या घरात हाच वाद पेटलाय त्यांना फॉर्म, तारखा, खर्च आणि कुणाला काय विचारायचं याचा अंदाज यावा, म्हणून हे लिहितेय. मी सांगतेय ते सगळं 2025-26 च्या प्रवेशाचं आहे. नियम दर वर्षी थोडे इकडचे तिकडे होतात, तेवढं तपासून घ्या.

इतिहासच का, हे मला घरी कधी धड सांगता आलं नाही. शाळेत असताना आम्हाला टाऊन हॉलचं म्युझियम दाखवायला नेलं होतं. बाकीची पोरं तलवारी, तोफा बघत होती. मी एका काचेच्या कपाटासमोर अडकले. आत ब्राँझची एक मूर्ती, वीतभरसुद्धा उंच नाही. खाली लिहिलेलं, पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. आणि सापडला कुठं, तर आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला! समुद्र इथून किती लांब, मध्ये अख्खा सह्याद्री. सरांना विचारलं तर ते म्हणाले, सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, त्यातनं आला असेल. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. कुणी आणला? विकायला की पूजेला? इथल्या माणसानं तो हातात घेतला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? पुढं वाचनालयात कळलं की 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी ब्रह्मपुरीवर रीतसर उत्खनन केलं होतं. मातीच्या थरांवरून काळ ठरवतात हेही तेव्हाच समजलं. त्या टेकडीखालच्या रस्त्यानं मी लहानपणापासून जातेय आणि तिथं खाली एक जुनं गाव आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मे महिन्यात जेवणाच्या ताटावर सांगितलं तर कसं वाटतं, याची कल्पना करा. आत्या म्हणाली, "एवढं मार्क पडल्यात आणि आर्ट्स? कुणी फूस लावली हिला?" शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, काही प्रेमप्रकरण आहे का, मैत्रिणी तिकडं चालल्यात का. मामा सगळ्यात शांत. त्यांनी कागदावर दोन बाण काढून दाखवले: सायन्सवरून आर्ट्सकडे जाता येतं, आर्ट्सवरून सायन्सकडे येता येत नाही. हे खोटं नाही आणि तुमच्याही घरी कुणीतरी हे बाण काढणारच. आर्ट्स घेतलं की इंजिनिअरिंग आणि मेडिकलची दारं बंद होतात. ते आधीच मान्य करून बोललात तर पुढचं बोलणं तरी होतं. मी "तसं काही नसतं" म्हणत राहिले असते तर मामांनी आणखी दोन बाण काढले असते.

पप्पांचा मुद्दा मात्र मला आजही पूर्ण खोडता आलेला नाही. मी त्यांना सांगितलं होतं की पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करता येतं आणि त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. माझ्या मते हा माझा हुकमी पत्ता. पप्पांनी घास खाली ठेवला. "कुठल्याबी शाखेची चालती म्हणतीस, मग सायन्सचीच घे की. अडलंय कुठं?" बरोबरच होतं त्यांचं. उलट हाडं, धान्याचे दाणे, धातू तपासायला सायन्सवाल्यांचाच उपयोग जास्त. मी एवढंच म्हणू शकले, "दोन वर्षं मी त्या क्लासात बसून काय करू, पप्पा? मला ते वाचायचंच न्हाई." त्यावर ते काही बोलले नाहीत आणि आम्ही आठवडाभर एकमेकांशी कामापुरतं बोललो.

मधल्या काळात दोन ठिकाणी पैसे खर्च झाले, किंवा होणार होते. पहिलं म्हणजे कलचाचणी. एका समुपदेशकाकडे 1,500 रुपये भरून मी संगणकावर तासभर प्रश्नांची उत्तरं दिली. रंगीत छापील अहवाल आला आणि त्यात निघालं कॉमर्स. आमच्या घरात कॉमर्सचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. पप्पा आणि मी त्या आठवड्यात पहिल्यांदा एकत्र हसलो, तेव्हा 1,500 अगदीच वाया गेले असं नाही. दुसरं, सायन्सचा क्लास. नाव एका कॉलेजात, शिकायचं क्लासमध्ये, असा जो प्रकार असतो त्याची चौकशी करायला पप्पा मला घेऊन गेले. दोन वर्षांची फी दीड लाखाच्या वर, पुस्तकं वेगळी, आणि सवलत हवी तर पहिला हप्ता शनिवारच्या आत. बाहेर आल्यावर पप्पांनी गाडीला किक मारण्याआधी ते पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. त्यांनी भरले असते पैसे. कुठून तरी उभे केले असते. तेच मला नको होतं, आणि ते मी तिथं पार्किंगमध्ये बोलून टाकलं.

पण घरातलं वारं फिरलं ते मोडीमुळं, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत तिच्यामुळं. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं, तेव्हा आमच्या भावकीतही गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, म्हणजे गाव नमुना 14 ची, नक्कल काढली होती. पानभर मोडी. भावकीत एकालाही वाचता येईना. शेवटी एका जाणत्या माणसाकडून लिप्यंतर करून घेतलं, त्याचे पैसे पप्पांनीच दिले होते आणि त्याच्याकडे रांग किती होती तेही त्यांनी बघितलं होतं. मी फक्त एवढं म्हणाले की मोडी हे इतिहासवाल्यांचंच काम, आणि कोल्हापूर संस्थानचे कागद तर इथंच आपल्या पुराभिलेखागारात आहेत. पोसायडनला जे जमलं नाही ते त्या एका पानाला जमलं. "ते वाचायला शिकणार हैस काय मग?" असं विचारून पप्पांनी अटी घातल्या: एमएस-सीआयटी करायची, इंग्रजी सोडायचं नाही, आणि दोन वर्षांनी रडत यायचं नाही. "हो" असं त्यांनी म्हटलं नाही. पण अटी घातल्या म्हणजे ठरलं, हे आमच्या घरात कळतं.

आता फॉर्मकडे येते. अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होण्याचं ते पहिलं वर्ष. नोंदणी 21 मेला सुरू व्हायची होती. त्या दिवशी साइट उघडेना, उघडली तर पुढं सरकेना. मग 26 मेपासून नव्यानं सुरू झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. नेट कॅफेत जायची गरज नाही, मोबाइलवर होतं, फक्त रात्री उशिरा किंवा भल्या सकाळी बसा. नोंदणीचं शुल्क 100 रुपये. भाग 1 मध्ये तुमची माहिती, दहावीचा बैठक क्रमांक, प्रवर्ग आणि कागदपत्रं. हा भाग शाळेकडून किंवा मार्गदर्शन केंद्राकडून तपासून झाला की पुढं. भाग 2 मध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम, कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 10. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा पहिल्या ओळीत उगाच मोठं नाव टाकू नका.

आणि इथंच ती गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. फॉर्ममध्ये तुम्ही कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडता. इतिहास, भूगोल, मानसशास्त्र हे विषय तिथं ठरत नाहीत, ते प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर ठरतात. आर्ट्सला इंग्रजी सक्तीचं, आणखी एक भाषा, आणि मग चार वैकल्पिक विषय. ऐकायला वाटतं, आपण हवे ते चार घेऊ. प्रत्यक्षात कॉलेजांनी वेळापत्रकाच्या सोयीनं गट पाडलेले असतात. एके ठिकाणी इतिहास घेतला की भूगोल मिळत नाही, कारण दोन्ही तास एकाच वेळी. एके ठिकाणी भूगोलच नाही. एके ठिकाणी संस्कृत माहितीपत्रकात आहे, वर्गात नाही. पसंतीक्रम भरून झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

म्हणून भाग 2 भरायच्या आधी मी आणि आई शहरातल्या कॉलेजांतून फिरलो. मेअखेरीचा उकाडा, केएमटीची बस, हातात वही. खिडकीतले क्लार्क बहुतेक ठिकाणी चांगले बोलले, पण "आर्ट्सला कुठले विषय आहेत" असा मोघम प्रश्न विचारलात तर "सगळे आहेत" असं मोघम उत्तर मिळतं. "इतिहास आणि भूगोल एकाच गटात आहे का, गेल्या वर्षी त्या गटाचा वर्ग भरला होता का" असं विचारलं की माणूस जरा थांबतो आणि आतून रजिस्टर बघून येतो. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित तेही तेव्हाच विचारून घ्या. एकाच कॉलेजच्या दोन तुकड्यांना वेगवेगळे कोड असतात आणि फीमध्ये फार अंतर असतं. एका खिडकीवर तर क्लार्कबाईंनी माझं गुणपत्रक पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, मुलीला समजावा की." आई म्हणाली, "मीच तिच्यासोबत आलोय." आईनं या वादात उघडपणे बाजू घेतली ती तेवढीच.

वहीत शेवटी मोजकीच कॉलेजं उरली, ज्यांत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र एका गटात बसत होतं. तेवढीच भरली. दहाच्या दहा भरलीच पाहिजेत असं काही नाही.

मग थांबणं. पहिल्या यादीची तारीख पुढं गेली, आणखी पुढं गेली. सायन्सवाल्या मैत्रिणींचे क्लास एव्हाना सुरू झाले होते, त्यांच्या स्टेटसला रात्री अकराच्या अभ्यासाचे फोटो. मी घरी बसून जूनचा पाऊस बघत होते. खरं सांगते, त्या दिवसांत मला फार वाटलं की आपण खुळ्यासारखं केलं. रात्री झोप लागायची नाही. दहा-पंधरा मिनिटं मामांचे बाण डोळ्यासमोर यायचे. यावर उपाय म्हणाल तर माझ्याकडे नाही. मी ई-बालभारतीच्या साइटवरून अकरावीचं इतिहासाचं पुस्तक फुकटात उतरवून घेतलं आणि वाचत बसले. पहिलाच धडा इथल्या पहिल्या शेतकऱ्यांवर. राजा नाही, लढाई नाही. तो एका बैठकीत संपवला.

जूनच्या अखेरीस यादी लागली. पहिल्या पसंतीचं कॉलेज. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, आर्ट्सला गर्दीच कमी. यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला असं नसतं. आधी लॉगिनमध्ये जाऊन प्रवेश घेत असल्याचं नोंदवायचं, मग मुदतीच्या आत कागद घेऊन कॉलेजात. मूळ गुणपत्रक, मूळ शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज ठेवून घेतं, तेव्हा तो देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा. मला नंतर बसच्या पासापासून प्रत्येक ठिकाणी ती लागली.

खिडकीवर विषयांचा कागद पुढं आला आणि त्यात माझ्या गटात भूगोलाच्या जागी अर्थशास्त्र छापलेलं. मेमध्ये तर भूगोल सांगितला होता! क्लार्क म्हणाले, यंदा गट बदललेत. मी वही काढून दाखवली, कुठल्या दिवशी कुणाला विचारलं ते. ते म्हणाले, साधा विनंती अर्ज द्या प्राचार्यांच्या नावानं. तिथंच उभ्या उभ्या कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. भूगोलाच्या मॅडमना बोलावलं, त्यांनी विचारलं, "प्रॅक्टिकल असतंय, जमेल?" आणि सही केली. अजून काही मुली त्याच अर्जासाठी मागं उभ्या होत्या, त्यामुळंही झालं असेल. असं काही झालं तर तोंडी आश्वासनावर घरी जाऊ नका. पावतीवर विषय दुरुस्त होऊन शिक्का पडेपर्यंत तिथंच थांबा, कारण बारावीच्या बोर्डाच्या फॉर्मपर्यंत तेच विषय पुढं सरकत जातात. अनुदानित तुकडीची वर्षाची फी क्लासच्या एका पुस्तकसंचाइतकीही नव्हती.

वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले. आर्ट्सच्या वर्गाबद्दल गोड गोड लिहिणार नाही. पहिल्या महिन्यानंतर निम्मे बाक रिकामे. बरीच मुलं पोलीस भरतीच्या तयारीची, पहाटे मैदानावर धावून येतात आणि दुसऱ्या तासाला डुलक्या घेतात. पन्हाळा, करवीरच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या मुलींची गाडी चुकली की दिवस गेला. "तुला एवढे मार्क असून इथं कशाला?" हे मला वर्गातही विचारलं गेलं, आणि ते आत्याच्या विचारण्यापेक्षा जास्त लागलं. इतिहासाला क्लास नाही, गाईड बरं नाही. सरांच्या मागं लागून पुस्तकं मागावी लागतात. पण एकदा सरांना कळलं की हिला खरंच वाचायचंय, की ते स्टाफरूममध्येही वेळ देतात. साठ-सत्तर पोरांत असं विचारणारं कुणीतरी असावं, अशी त्यांचीही इच्छा असते.

कंटाळाही आला, हे सांगायला हवं. राज्यशास्त्राच्या व्याख्या मी पाठ केल्या, आवडल्या नाहीत. आवडीचा विषय घेतला म्हणजे गटातले चारही आवडतील असं नाही. भूगोलाचं मात्र उलटं झालं. तो मी इतिहासाला जोड म्हणून घेतला होता. प्रॅक्टिकलला नकाशावरच्या समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, जमिनीचा छेद काढायचा असतो. माझा डोंगर दर वेळी चपटा यायचा. एका रात्री पप्पा कामावरून आले, हात धुतले आणि जर्नलमध्ये डोकावले. ड्रॉइंग वाचणं हे त्यांचं रोजचं काम. "आडवं माप आणि उभं माप एकच धरलीयस. उभं वाढवून घे." मग भारतीय सर्वेक्षणाचा नकाशा कसा, 1:50,000 म्हणजे 2 सेंटीमीटरला 1 किलोमीटर, हे मी त्यांना सांगितलं आणि पट्टीच्या कडेनं कागद सरकवत बिंदू कसे उतरवायचे हे त्यांनी मला. त्यांच्या बोटांचा ग्रीसचा ठसा त्या पानावर राहिला. मॅडमनी त्याला लाल गोल केला आणि गुण पूर्ण दिले.

मोडी मी दिवाळीनंतर सुरू केली, आठवड्यातून एक दिवस. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी त्यांना लटकवत जायची, हात न उचलता. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. तारखा आणखी अवघड. सरावाच्या एका कागदावर "खमस मया व अलफ" असं लिहिलेलं. हे अरबी भाषेतले आकडे आहेत: 5, 100 आणि 1000, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरलेल्या शुहूर कालगणनेचं 1105 वं वर्ष. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1704-05, महाराणी ताराबाईंचा काळ. हे गणित सुटलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले. भावकीतलं ते नमुना 14 चं पान मागून घेतलंय. अजून निम्मंही लागत नाही. नावं लागतात, कारण ती माहितीची आहेत. बाकी ठिकाणी लिहिणाऱ्याचा हात घाईचा.

एमएस-सीआयटी झाली, अट होती ना. पप्पांचं म्हणाल तर ते अजून पाहुण्यांना "पोरगी अकरावीला हाय" एवढंच सांगतात, शाखा सांगत नाहीत. परवा एकानं थेट विचारलं तेव्हा म्हणाले, "आर्ट्स. मोडी वाचती." मामांचे बाण कायम आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करावं, शहाजी लॉ कॉलेज जवळच आहे, असा नवा बाण त्यांनी काढलाय. त्यावर घरात चर्चा सुरू आहे आणि मला ते वाईट वाटत नाही.

यंदा जाणाऱ्यांसाठी राहिलेलं एवढंच. खिडक्या दुपारी जेवणाच्या सुट्टीला बंद होतात, सकाळी जा. विचारलेलं वहीत तारखेसह लिहून ठेवा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर निकालाची वाट न बघता आधीच काढायला टाका, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. आणि भूगोल घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात जर्नल आणा, नंतर दुकानात फक्त सायन्सची उरतात.